रोजानं जाणारी पोर

नाशिक रोड,
३ जुलै १९९६

आप्पा,

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वडिलांना पत्र लिहिताना आधी 'तीर्थरूप' लिहायचं आणि साष्टांग नमस्कार घालायचा. नमस्कार मनातून घातलाय. पण तीर्थरूप लिहिलं की पुढं सगळं गोड गोड लिहावं लागतं, आणि आपलं भांडण तर अजून गरम आहे. म्हणून नुसतं आप्पा.

मी सुखरूप पोचले. कुसामावशीवर राग धरू नका. तिनं मला पळवून आणलेलं नाही, मीच तिच्या पिशवीचा बंद धरून एस्टीत चढले. तुम्ही ओट्यावर पाठ करून बसला होतात. आई फाट्यापर्यंत आली आणि सारखी मागं बघत होती, तुम्ही येताय का म्हणून. मीही बघत होते, आता लपवून काय करू.

पिंपळगावच्या स्थळाला नाही म्हटलं म्हणून तुमचा अपमान झाला, हे मला कळतं. माणसं चांगली असतील, द्राक्षबागही चांगली असेल. पण बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के काय मी बागेला गोडी यावी म्हणून मिळवले? तुम्ही म्हणालात, "फूल येळेवर खुडलं तर हार, झाडावर ऱ्हायलं तर कचरा." मी म्हटलं, मी काय झेंडू आहे का? तिथून पेटलं. मग तुम्ही म्हणालात, "जायचं तर जाय. शिकायला माझ्याकडून काय मिळायचं नाय. आन् मी बोलवल्याबिगर या दारात यायचं नाय." बरं. तुम्ही स्वतःच्या तोंडानं 'ये' म्हणाल त्याच दिवशी येईन, त्याआधी नाही. मी पण तुमचीच आहे.

आता बातमी. गंगापूर रोडच्या कॉलेजात बी. एस्सी.ला नाव घातलं. फीचं काय, असं तुम्ही मनात विचाराल, म्हणून सांगते. इथं 'कमवा आणि शिका' अशी योजना आहे. विद्यार्थ्यानं रोज तीन तास कॉलेजचं काम करायचं, त्या तासांचे पैसे कॉलेज देतं. त्यात माझी फी, वह्या आणि बसचा पास भागेल. मावशी नको नको म्हणते, पण तिच्या घरात खायला-राहायला मिळतंय तेवढं पुष्कळ झालं.

काम चांगलं आहे. मोकळी हवा असते. पंख्याखालचं आहे का, असं मात्र विचारू नका.

तुमची
सुवर्णा


नाशिक रोड,
१७ ऑगस्ट १९९६

आप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी जिन्यात असते.

आमच्या कॉलेजात परवा एक गंमत झाली. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तुम्ही काही तिला ओळखत नाही. फुलमळेवाल्यांची पोर. तिला कमवा-शिकात बागेचं काम मिळालंय. बाग योगिनी मॅडमच्या ताब्यात आहे, त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवतात. चौदा तारखेला त्या तिला म्हणाल्या, "उद्या झेंडावंदनाला पाहुणे आहेत. सकाळी लवकर येऊन फुलांचं बघून घे हं."

झालं! ती पोर पहिल्या बसनं सहाला हजर. घरी असती तर काय केलं असतं? तेच केलं. साडेसातच्या आत झेंडूचे वाफे आणि गुलाबाचे ताटवे साफ. उमललेलं एक फूल मागं ठेवलं नाही. फुलं पाट्यांत भरली, वर ओलं फडकं टाकलं, पाट्या ऐटीत दारात नेऊन ठेवल्या आणि टेम्पो कुठं लागलाय ते शोधायला लागली.

मॅडम आल्या. बागेत नुसता हिरवा पाला. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे काय केलंस?"

ही म्हणते, "उन्हं यायच्या आत उरकलं, मॅडम. आता बाजाराला उशीर नको."

मॅडम मटकन बाकावर बसल्या. कॉलेजचे माळी रंगनाथमामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याच फुलांची झेंड्याभोवती मोठी रांगोळी काढली. पाहुणे म्हणाले, असा थाट कुठं पाहिला नाही. अब्रू वाचली. पण नंतर मॅडमनी तिला जवळ बसवून सांगितलं की इथं फूल झाडावरच ठेवायचं. तिनं विचारलं, "मग त्याचं करायचं काय?" तर म्हणाल्या, "बघायचं."

बघायचं म्हणे, आप्पा! आपल्याकडे कुणी फूल बघितलंय का कधी? आपण बघतो ते दव किती आहे, देठ किती आहे आणि बाजार किती लांब आहे.

ती पोर दिवसभर रडली, असं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर कामाला गेली.

आईला सांगा, इथं पाणी मानवलं.

सुवर्णा


नाशिक रोड,
९ डिसेंबर १९९६

आप्पा,

परवा तुम्ही मला पाहिलंत.

गंगापूर रोडच्या लग्नाच्या हॉलवर फुलं पोचवून तुमचा टेम्पो परत चालला होता. मी कुंपणालगत गुलाबाची आळी करत होते. ओढणी डोक्याला बांधलेली, हात कोपरापर्यंत मातीत. टेम्पो थांबला. मी हाक मारली, चांगली दोनदा मारली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीत. हातातल्या खुरप्याकडे बघितलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, चल.

आज ज्ञानेश कॉलेजच्या फाटकाशी आला. बिचारा चपलेनं माती उकरत उभा होता. म्हणाला, "ताई, आप्पा म्हनले, आपल्या घरातलं कोनी रोजानं जात नाय. रोजानं जानारी पोर माझी नाय." आणि हे सांगून तोच रडला. धाकट्या भावाच्या तोंडी असला निरोप देतात का, आप्पा? बोलायचं तर मला बोलायचं होतंत, मी काही कुठं पळून जात नव्हते.

ठीक आहे. आता ऐका रोजानं जाणाऱ्या पोरीचं.

पंधरा ऑगस्टची ती मुलगी मीच. तुम्ही ओळखलं असणारच, असला गाढवपणा दुसऱ्या कुणाच्या पोरीला सुचायचा नाही. कामाचं मी तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्हाला लागेल हे मला ठाऊक होतं. ते चुकलं. काम चुकलं नाही, लपवणं चुकलं.

सहा वर्षांची असल्यापासून मी तुमच्या मळ्यात खुरपतेय. तेव्हा ते घरचं काम होतं. पाहुण्यांना तुम्ही कौतुकानं सांगायचात, पोरगी हाताला चलाख हाय. तेच खुरपं, तोच हात. नुसता बांध बदलला तर मी रोजानं जाणारी झाले, आणि रोजानं गेले तर तुमची राहिले नाही? हा कुठला न्याय?

आणि रोजानं जाणं म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार? तुम्ही जन्मभर मालक. हजेरी दुसऱ्याच्या वहीत लागते, दुसरा दाखवील तिथं बसून खुरपायचं असतं, आपल्याच वर्गातल्या मुली समोरून चपला वाजवत जातात. पहिल्या आठवड्यात त्या आल्या की मी खाली मान घालून खुरपायचे. पण तीन तास झाले की मी नळावर हात धुते, ओढणी झटकते आणि वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसते. त्या बाकाची फी मी भरलीय. मावशीनं नाही, तुम्ही नाही. मला त्या बाकावरून कुणी ऊठ म्हणू शकत नाही. मला फार बरं वाटतं तिथं, आप्पा. छाती भरून येते.

एवढं लक्षात ठेवा की तुम्हाला पाहून मी तोंड लपवलं नाही. हाक मीच मारली.

सुवर्णा


नाशिक रोड,
२० ऑक्टोबर १९९७

आप्पा,

आई परवा मावशीकडे येऊन गेली. भाकरी, ठेचा आणि मेथीची जुडी. जुडी बघून मावशी म्हणाली, "नाशकात काय मेथी मिळत नाय?" आई म्हणाली, "मिळती. पन ही घरची हाय." मी कोरडी भाजी करून एकटीनं खाल्ली, कुणाला वाढली नाही.

आईनं एक सांगितलं. माझी पत्रं तुम्ही फोडत नाही, तशीच बियाण्याच्या पेटीत टाकता. असं असेल तर बरंच झालं. कुणी वाचणार नसेल तर माणूस मोकळेपणी लिहितं.

तर ऐका, म्हणजे ऐकू नका. दुसरं वर्ष चालू आहे, पहिल्या वर्षी वर्गात दुसरी आले. काम अजून बागेचंच. मॅडम म्हणाल्या, आता तुला लायब्ररीत देते, सावलीत बस. मी म्हटलं, नको, मला बाग सोडवत नाही. या वर्षी आम्ही झेंडूचा एक वाफा मुद्दाम न खुडता ठेवला. फुलं सुकली, तपकिरी झाली, बघायला अगदी दरिद्री. मग मॅडमनी वर्गात एकेक सुकलं फूल प्रत्येकाच्या हातावर दिलं आणि बिया मोजायला लावल्या. सगळी मुलं तोंडात बोट घालून बसली. मी एकटीच हसत होते.

कारण तुम्हीही बांधाकडेचा झेंडू बियाण्यासाठी राखताच की! त्याला कुणी हात लावला तर शिव्या देता. झाडावर राहिलेल्या फुलाचं काय होतं ते तुम्हाला माझ्या मॅडमपेक्षा जास्त माहीत आहे. मग मलाच तेवढं कचरा होतो म्हणून का सांगितलंत?

बाकी ठीक. शेवंतीवर मावा पडलाय. शेंडे काळे चिकट झालेत, दोन फवारण्या केल्या तरी हटत नाही. त्या काळजीनं मला रात्री झोप लागत नाही.

सुवर्णा


नाशिक रोड,
२ नोव्हेंबर १९९७

आप्पा,

काल ज्ञानेश आला होता. सहज आलो म्हणाला. सहज चहा प्याला, सहज शेवंतीच्या वाफ्यापाशी गेला, आणि कुणी न विचारता म्हणाला, "तंबाखू भिजवून त्याचं पानी मार. साबनाचा फेस घाल त्याच्यात, चिकटतं. सांजच्याला मार, उन्हात नको."

मी विचारलं, मावा पडलाय हे तुला कुणी सांगितलं?

तुमचा पोरगा तुमच्यासारखाच, खोटं बोलताना कान लाल होतात. म्हणाला, वास आला.

वास आला! दिंडोरीच्या पलीकडून गंगापूर रोडवरच्या माव्याचा वास आला! तुम्ही माझी पत्रं वाचता, आप्पा. वाचता, वाचता, वाचता. आज मी रस्त्यानं एकटीच हसत चालले होते, लोक बघत होते, म्हटलं बघू देत.

पाणी मारलं. मावा गेला. योगिनी मॅडमनी विचारलं, हा उपाय कुठून आणलास? मी म्हटलं, माझे वडील शेवंतीतले प्रोफेसर आहेत.

सुवर्णा


नाशिक रोड,
२४ जून १९९९

आप्पा,

पास झाले. पहिला वर्ग, आणि वनस्पतिशास्त्रात कॉलेजात पहिली. मावशीनं गल्लीत पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली, बागेत काम करून शिकली माझी भाची. काकांना, म्हणजे तिच्या मालकांना, वाटलं पोरीला आवडायचं नाही, त्यांनी तिला गप्प करायला बघितलं. मी म्हटलं, काका, बोलू द्या तिला. अजून मोठ्यानं बोलू द्या.

गुणपत्रिका बघितली का कशी असते? त्यावर माझं नाव छापलंय, आणि माझ्या नावापुढं तुमचं. सुवर्णा लहानू. तुम्ही निरोप धाडला होता की ती पोर माझी नाही. पण विद्यापीठ काही ऐकायला तयार नाही.

एम. एस्सी.लाही इथंच नाव घालतेय. कामही इथंच, आता मॅडमच्या प्रयोगशाळेत. तिथं पंखा आहे. घ्या, एकदाचं आलं पंख्याखालचं काम.

तुम्ही 'ये' म्हणाल म्हणून मी निकालाच्या दिवसापासून बॅग भरून ठेवली होती. आज रिकामी केली. आता थोडी रडून घेते, मग पेढे खाते.

सुवर्णा


नाशिक,
१४ मे २००२

आप्पा,

ज्ञानेशच्या लग्नात आपण सहा वर्षांनी एका मांडवात आलो. लग्न नवरीच्या गावी होतं, म्हणून बरं. आपल्या दारात असतं तर मी आले नसते, आणि आई आयुष्यभर रडली असती.

तुम्ही पंगतीत वाढायला आलात. माझ्या ताटापाशी थांबलात. दोन जिलब्या वाढल्यात, पुढं गेलात, परत फिरून आणखी दोन वाढल्यात. मी वर बघितलं तर तुम्ही दुसरीकडे बघत होतात. चार जिलब्या आणि शब्द एक नाही. मला जिलबी आवडत नाही, हे तुम्हाला आठवत होतं का? लाडू आवडतो. तरी चारही खाल्ल्या.

तुमचे केस पांढरे झाले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजात शिकवायला लागून मला वर्ष होत आलं. लग्नाचं विचाराल तर, मनासारखा माणूस भेटला की पहिलं पत्र तुम्हाला. तोवर गप्प बसा. म्हणजे, बसलाच आहात.

सुवर्णा


नाशिक,
१८ जानेवारी २००६

आप्पा,

यंदापासून कमवा-शिका योजना माझ्याकडे दिली. योगिनी मॅडम निवृत्त झाल्या आणि जाताना प्राचार्यांना म्हणाल्या, सुवर्णाशिवाय दुसऱ्या कुणाला देऊ नका. चाळीस मुलं-मुली आहेत. कुणी लायब्ररीत पुस्तकं लावतं, कुणी ऑफिसात, कुणी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतं. बागेत दहा जण. त्यांची हजेरी आता माझ्या वहीत लागते. पहिल्या दिवशी ती वही हातात घेतली आणि काय झालं कोण जाणे, नावं लिहायच्या आधी मी नळावर जाऊन हात धुऊन आले.

त्यात एक छाया म्हणून आहे. वणीकडची, घरी टोमॅटो आणि फुलं. कामाला वाघीण, पण कुंपणाकडच्या वाफ्यात बसवली की ओढणी नाकापर्यंत ओढते. गावाकडचा टेम्पो दिसला की झाडाआड होते. गेल्या सोमवारी मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, घरी सांगितलंय ऑफिसात काम हाय. आमच्या आप्पांनी बघितलं तर शाळा बंद."

आमच्या आप्पांनी. हाच शब्द, आप्पा.

मी साडीचा पदर खोचला, रंगनाथमामांच्या खोलीतून खुरपं घेतलं आणि तिच्या शेजारी वाफ्यात बसले. रस्त्याकडे तोंड करून. गंगापूर रोडवरून निम्मं नाशिक जातं, जाऊ दे. माझे विद्यार्थी, माझ्याबरोबर शिकवणारे, सगळे बघत गेले. मी खुरपत होते. बऱ्याच वेळानं छायानं ओढणी मागं सारली. तिच्या कपाळाला माती लागली होती, गोड दिसत होती.

आता मुद्द्याचं. बारा फेब्रुवारीला, रविवारी, योजनेतल्या मुलांचा मेळावा आहे. सगळे म्हणाले पाहुणा मोठा बोलवा. मी म्हटलं, मोठाच बोलवते. शेवंतीचा बहार सरलाय, काश्या सोडवून लावायच्या आहेत. बुंध्यापाशी फुटलेले ते कोवळे फुटवे कसे सोडवायचे, कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे, ते पुस्तकात वाचून शिकवता येत नाही. तुमच्या बोटांना येतं. तुम्ही हारतुरे घ्यायला येऊ नका. शिकवायला या.

दहा वर्षं मी तुमच्या 'ये'ची वाट बघितली. हट्टाला मी काही कमी नाही, ते रक्तातच आहे. पण छायाकडे बघून वाटलं की दोघांपैकी कुणीतरी आधी तोंड उघडायला पाहिजे, आणि मी शिकलेली आहे, म्हणून माझी पाळी आधी. तुम्ही 'ये' म्हणत नाही ना? मग मीच म्हणते. आप्पा, या.

तुमची
सुवर्णा


मळा,
३० जानेवारी २००६

सुवर्णे,

लिहायची सवय नाय. ज्ञानेश म्हनला, तुमी सांगा, मी लिहितो. म्हनलं नको, हे माझं मला लिहू दे. मास्तरीन झालीस म्हनून चुका काढू नको.

तुझी समदी पत्रं वाचली. पोस्टमन मळ्यातच भेटतो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून वाचायचो, मंग भाताच्या शितानं पाकीट परत चिकटवायचो आन् घरी नेऊन पेटीत टाकायचो. तुझ्या आईला वाटायचं फोडलंच नाय. आता तिला कळलं, दोन दिस जेवायला वाढलं नाय तिनं.

शहाण्णवच्या पत्रात तू लिहिलं व्हतं, रोजानं जानं म्हंजी काय ते तुमाला काय कळनार. ते पत्र लय वेळा वाचलं. घडीवर फाटलं.

बाहत्तरच्या दुष्काळात आपली विहीर कोरडी पडली. मी आठवीत व्हतो. गनितात वर्गात पैला. बाप म्हनला, पाऊस पडंपर्यंत रोजानं जाय, मंग परत शाळा. सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. त्या हजेरीत नाव लागलं आन् शाळेच्या हजेरीतनं गेलं. पुढल्या साली पाऊस पडला, विहीर भरली. शाळा काय परत भेटली नाय. गावातनं फाट्याला जो रस्ता जातो, त्याची खडी आमी फोडलेली. तू मावशीबरोबर ज्या रस्त्यानं गेली, तोच. हे मी कोनाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाबी नाय.

म्हनून परक्याच्या बागेत तुझ्या हातात खुरपं दिसलं, तव्हा मला वाटलं, झालं, हिचीबी सुटली. शाळाबिळा काय नाय, पोर आपल्याला बरं वाटावं म्हनून खोटं लिहिती. तुझ्या तोंडाकडं मला बघवलं नाय. रागानं बोललो ते खरं हाय. राग तुझ्यावर व्हता का माझ्या बापावर, ते तव्हा कळलं नाय.

निकालाचं पत्र आलं तव्हाच लिहायला पायजे व्हतं. पन बोललेला शब्द माघारी कसा घ्यायचा ते आठवीपर्यंत शिकवत नाय. रोजानं गेलं की शाळा सुटती, एवढंच मला म्हाईत. रोजानं जाऊन शाळा टिकती, हे तू केलं. आता पारावर कोनी इचारलं, पोरगी काय करती, तर मी सांगतो, कॉलेजात मास्तरीन हाय, रोजानं जाऊन शिकली. रोजानं हे जरा मोठ्यानं सांगतो.

बारा तारखेला पैल्या गाडीनं येतो. काश्या आपल्या मळ्यातल्या आनतो, तुमच्या कशा असतील कोन जाने. खुरपं माझं आनतो. त्या वणीच्या पोरीला कुंपनाकडं माझ्या शेजारी बसव. आन् पोरांना सांगून ठेव, मी येस्तोवर कोनी फुलं खुडू नका.

तुझा आप्पा

खाली जागा उरली म्हनून लिहितो. मेळावा झाला की माझ्याबरोबर घरी ये. आई म्हनती म्हनून नाय. मी म्हनतो.